काठ की गल्ली

सर्व सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येत आहे की, टेबल टेनिस हा खेळ जगभर कसा पसरला याविषयी आजवर आपली घोर दिशाभूल झालेली आहे. कोणी त्याचं श्रेय इंग्रजांना देतात, कोणी जपान्यांना, कोणी चिन्यांना. वस्तुस्थिती अशी की हा खेळ हुबळीच्या लॅमिंग्टन रोडमागच्या एका गल्लीतून पसरला. तिथल्या एका घराच्या पडसाळीत, म्हणजे पुढच्या सोप्यात, त्याचं मुख्यालय होतं, आणि मागच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. शंका असेल त्यांनी माझ्या घरमालकांना विचारावं असं मी म्हटलं असतं. पण ते आता नाहीत, आणि असते तरी उत्तर देण्याआधी त्यांनी तुमच्या हातात बॅट दिली असती.

त्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणे. जुन्या हुबळीत त्यांचं इरकली लुगड्यांचं दुकान होतं. घराणं मूळचं मिरजेकडचं, पण हुबळीत मुरलेलं. मराठी बोलता बोलता अप्पा कन्नडमध्ये शिरत आणि परत येत, आणि मध्ये उंबरा ओलांडला हे त्यांच्या ध्यानातही येत नसे. उंच, सडपातळ देह, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, डोक्यावर काळी टोपी. खेळताना ते कोट काढत, चप्पल काढत, चष्मा पुसून पुन्हा लावत. टोपी मात्र डोक्यावरच. "टोपी हलली म्हणजे फटका चुकला," असं त्यांचं शास्त्र होतं. त्यांची टोपी कधी हलत नसे. फटके चुकत, ते वेगळं.

टेबल घरात आलं त्याची कथा त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली, भाडं ठरवायच्या आधी. छप्पन साली राज्यं बदलली. हुबळी-धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. मुंबईला बदली झालेला एक अधिकारी सामान विकायला काढून बसला होता. अप्पा लुगडी ठेवायला कपाट बघायला गेले आणि बैलगाडीत टेबल घालून परत आले.

"कपाट कुठाय?" काकूंनी विचारलं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी.

"कपाटात काय ठेवायचं? लुगडी. यात काय मावतं माहिती आहे का? जग!"

"मग जगाला सांगा उद्यापासून लुगडी खांद्यावर घेऊन उभं राहायला," असं म्हणून काकू आत गेल्या.

टेबल नऊ फुटांचं आणि पडसाळ त्याहून जेमतेम दोन हात लांब. त्यामुळे एका खेळाडूला पुढच्या दाराबाहेर कट्ट्यावर उभं राहावं लागे आणि दुसऱ्याला स्वैपाकघराच्या उंबऱ्यात. कट्ट्यावरचा खेळाडू जोराचा फटका घ्यायला मागे सरला की थेट गल्लीत उतरे. स्वैपाकघराकडच्याची पाठ चुलीला भाजे, आणि त्याने चुकवलेला चेंडू बऱ्याचदा आमटीतून काढावा लागे. अप्पा कायम स्वैपाकघराच्या बाजूला खेळत. चूल मागे असली की माणूस पाय मागे घेत नाही, असं ते म्हणत.

काकूंनी त्या खेळाचं नाव आयुष्यात घेतलं नाही. त्या त्याला 'टकटक' म्हणत. "तुमची टकटक संपली की पानं घेते." "टकटक हळू करा, दूध उतू जाईल." आमच्याकडे पाठ करून त्या भाकरी थापत असत, आणि विचारलं की म्हणत, "मी ढुंकूनसुद्धा बघत नाही." दुपारी टेबल त्यांच्या ताब्यात असे. हिरव्या रंगावर खडा छान दिसतो म्हणून त्या तांदूळ तिथेच निवडत. संध्याकाळी एखादा दाणा राहिलेला असला आणि चेंडू त्याच्यावरून भलतीकडे उडाला, की अप्पा हात वर करून म्हणत, "तांदूळ! परत!" आंतरराष्ट्रीय नियमांत ही तरतूद अजून आलेली नाही.

आता जगाकडे वळू. अप्पा वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत. टेबल टेनिसची बातमी खेळाच्या पानाच्या तळाशी, जाहिरातीच्या बगलेत असे; अप्पा ती बरोबर शोधून काढत. एखाद्या नव्या देशाचं नाव दिसलं की दुकानाच्या गादीवरून जाहीर करत, "स्वीडन आलं!" आलं म्हणजे आपल्यात आलं. जणू जपान, स्वीडन, रुमानिया या सगळ्यांनी लॅमिंग्टन रोडवर उतरून पत्ता विचारला होता. गिऱ्हाइकंही सरावली होती. काठ-पदर बघता बघता एखादी बाई विचारी, "आज यार बंदर, अप्पा?" आज कोण आलं? "नायजेरिया, अव्वा." "छलो आत," म्हणजे बरं झालं, असं म्हणून ती हिरवं लुगडं बाजूला ठेवी.

या सवयीपायी एकदा घरात अन्नाची नासाडी झाली. अप्पांची बहीण हानगलला दिलेली होती. एके सकाळी अप्पा कट्ट्यावरून ओरडले, "हंगेरी आलं!" आत काकूंनी ऐकलं, 'हानगल आलं'. नणंद, तिचा नवरा, पोरं, सासू, सगळं हानगल आलं असं समजून त्यांनी गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, रटरटायला ठेवली, शेजारून दूध मागवलं, आणि डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. कट्ट्यावर अप्पा एकटेच, हातात वर्तमानपत्र.

"कुठायत?"

"कोण?"

"आले म्हणालात ना?"

"हे काय, दुसऱ्या कॉलमात."

काकूंनी दुसरा कॉलम बघितला, अप्पांना बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, हुग्गी निवतेय." मग दोन दिवस आम्ही हंगेरीच्या वाटची हुग्गी खात होतो.

पण अप्पांचं खरं योगदान भाषाशास्त्रात आहे, आणि ते मला सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

या खेळात एक नाजूक जागा असते. चेंडू टेबलाच्या वरच्या कडेला पुसटसा लागून खाली पडला, तर मारणाऱ्याला गुण. तोच चेंडू बोटभर खाली, टेबलाच्या उभ्या बाजूला लागला, तर गुण समोरच्याला. पलीकडच्या घरात एक वकील राहत, कन्नड बोलणारे, अप्पांचे रोजचे प्रतिस्पर्धी. एका अटीतटीच्या डावात अप्पांचा चेंडू कडेला लागला. अप्पा ओरडले, "कड!" वकीलसाहेब त्याहून आनंदाने ओरडले, "हौद हौद, कडे!" हौद म्हणजे हो. आणि दोघांनीही आपापल्या नावावर गुण लावून घेतला.

मराठीत कड म्हणजे वरची किनार. कन्नडमध्ये कडे म्हणजे बाजू.

"कड म्हणजे माझा पॉइंट!"

"कडे अंद्र बाजू, अप्पा! पॉइंट नंदु! माझा!"

दोघंही प्रामाणिक, दोघंही बरोबर. मग आवाज चढले. वकील म्हणाले की कोर्टात उभं करीन. अप्पा म्हणाले की टेबलासकट येईन. दोघांचं बोलणं बंद झालं ते गणपती येऊन गेले तरी सुरू झालं नाही. राज्य बदललं तेव्हा गल्लीत इतकी भाषिक तेढ झाली नव्हती.

शेवटी अप्पांनी दुकानातून एक लुगडं आणलं, वकिलांना बोलावलं आणि लुगडं टेबलावर अंथरून कायदा सांगितला. "हा काठ. काठ हा लुगड्याचाच भाग, बरोबर? काठाला लागलं ते लुगड्याला लागलं. काठाच्या खाली काय असतं?"

"येनू इल्ल," वकील म्हणाले. काही नाही.

"काठाच्या खाली गल्ली असते. तिथे लागला तो गल्लीत गेला. आजपासून या घरात कड नाही, कडे नाही. एक तर काठ, नाही तर गल्ली."

आणि निवाडा कोणी द्यायचा? पंचाने नाही. बोटभराचा फरक नेटपाशी बसलेल्याला दिसत नाही. तो ज्याच्या पोटासमोर घडतो त्यानेच सांगायचं, स्वतःच्या नुकसानीचं असलं तरी. अप्पा चेंडू जमिनीवर पडायच्या आत सांगत. मी त्या घरात असेतो अप्पांनी काठाला गल्ली म्हटलेलं ऐकलं नाही.

याला जोडून दुसरा नियम. काठाने किंवा जाळीने गुण मिळाला, तर मिळवणाऱ्याने एक बोट वर करून म्हणायचं, "तप्पायितु." चूक झाली. "चूक केल्यावर कोणीही माफी मागतो," अप्पा म्हणत. "नशीब लागल्यावर जो मागतो, त्याला पोरगी द्यावी."

हे वाक्य ते सहज बोलत असतील असं मला वाटलं होतं. ते शब्दशः होतं.

अप्पांना एकुलती एक मुलगी, बेबी. काडीसारखी, वेणी कमरेत खोचून खेळणारी. वकिलांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून रोज संध्याकाळी बापलेकीचाच डाव रंगे. अप्पांचा उलटा हात फार अवघड होता. चेंडू टप्पा पडल्यावर रागावल्यासारखा वळे. हुबळीत तो परतवणारी बेबी एकटी. दुकान बंद करून अप्पा घरी आले की पाय धुवायच्या आत हाक, "बेबी, बा!" ये. आणि बेबी बी.ए. होऊन तीन वर्षं घरात बसली होती.

स्थळं येत. मुलगा, त्याची आई, एखादा मामा. उप्पीट होई, चहा होई, आणि मग अप्पा मुलाला विचारत, "जरा खेळू या की." मुलाला वाटे गंमत आहे. बेळगावचा इंजिनिअर आला. त्याला काठाने गुण मिळाला आणि तो हसला. नापास. सांगलीचा आला, तो प्रत्येक गुणाला, अगदी स्वच्छ मारलेल्यालाही, बोट वर करून तप्पायितु म्हणत राहिला. "हा माणूस खोटा," अप्पा मला हळूच म्हणाले. नापास. एकाने बॅट उलथण्यासारखी धरली. त्याच्या मामाने तर "आमच्यात जेवणाच्या टेबलावर खेळत नाहीत" असं सांगितलं. नापास, मामासकट.

काकू आत भांडी आपटत. "मुलीला नवरा बघताय का जोडीदार बघताय?"

"दोन्ही एकच की हो."

"एकच असतं तर तुमचं माझं कसं झालं असतं?"

ज्या वर्षी अमेरिकेचे खेळाडू चीनला गेले, त्या वर्षी अप्पांचे पाय जमिनीवर नव्हते. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन देश टेबलाशी उभे राहिले! त्यांनी दुकानात पेढे वाटले. मी म्हटलं, "अप्पा, चीन आलं, अमेरिका आली. आता राहिलं कोण?"

अप्पांनी उंबऱ्याकडे मान वळवली. आत काकू आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होत्या. "हे एक राहिलंय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "फार कठीण देश आहे."

त्याच वर्षी धारवाडचं स्थळ आलं. मुलगा हायस्कुलात शिक्षक होता. आदल्या संध्याकाळी बेबी माझ्या खोलीच्या दाराशी आली.

"सर, उद्या पंच तुम्हीच ना?"

"नेहमीप्रमाणे."

"त्यांना मी कॉलेजच्या स्पर्धेत खेळताना पाहिलंय. चांगले खेळतात." मग वेणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "पण अप्पा उद्या जीव तोडून खेळणार. आजवर मला काही वाटलं नाही. बेळगावचा हरला, मी उरलेलं उप्पीट खाल्लं. हे हरले ना, तर मी जन्मभर अप्पांच्या बॅकहँडला चेंडू देत बसणार."

"अप्पांना सांग की तुला हा पसंत आहे."

"सांगितलं. म्हणाले, बघू टेबलावर."

मी पंच. पंचाने काय बोलायचं? "झोप जा," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला तो रुमालात गुंडाळलेली स्वतःची बॅट घेऊन. आई आणि काका बरोबर. अप्पांनी बॅट पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम दोन भाव आले. गिऱ्हाईक चांगलं आहे म्हणून आनंद, आणि ते दुकानच विकत घ्यायला आलंय अशी धास्ती. मुलाने बॅट लेखणीसारखी धरली, चिनी पद्धतीने.

"कुठे शिकलात?"

"फोटो बघून."

"वर्तमानपत्रात?"

"शेवटच्या पानावर," मुलगा म्हणाला. "खाली असतो."

अप्पांनी टोपी दाबून बसवली.

पहिला डाव अप्पांनी घेतला, दुसरा मुलाने. मुलाची आई लुगड्यांच्या गठ्ठ्यावर बसून डोकं डावीकडून उजवीकडे फिरवत होती. काका थोड्या वेळाने थकून उप्पिटाकडे वळले. वकीलसाहेब खिडकीत. बेबी माझ्या मागे, हातात चहाचा ट्रे. काकू आपल्या जागी, उंबऱ्याच्या आत, आमच्याकडे पाठ करून.

तिसऱ्या डावात अप्पा असे खेळले की मी त्यांना तसं पूर्वी पाहिलं नव्हतं. कपाळावरून घाम चष्म्यावर येत होता, पुसायला वेळ नव्हता. उलटा हात सापासारखा फिरत होता. मुलगा कट्ट्यावरून गल्लीत उतरे, पुन्हा चढे; एकदा जाणाऱ्या सायकलवाल्याला "तप्पायितु" म्हणून आला. अठरा-अठरा. एकोणीस-एकोणीस. मग अप्पांचा एक चेंडू जाळीत अडकला. मुलगा वीस, अप्पा एकोणीस. मी आकडे मोठ्याने बोललो.

पुढचा गुण लांबला. टक, टक, टक, टक. मग मुलाने चेंडू अप्पांच्या उजवीकडे खोल मारला. चेंडू टेबलाच्या टोकापाशी गेला, कसलासा बारीक आवाज झाला, आणि दिशा बदलून सरळ खाली पडला. उड्या मारत चुलीपर्यंत गेला.

मुलाचं बोट वर. "तप्पायितु," तो म्हणाला. एवढंच. गुण मागितला नाही, पुढे आला नाही. बोट वर करून कट्ट्यावर उभा राहिला.

सगळे अप्पांकडे बघू लागले. जो माणूस चेंडू पडायच्या आत सांगायचा, तो चष्मा काढून पुसत होता. एक काच पुसली. दुसरी पुसली. पुन्हा पहिली. मी नियमाप्रमाणे विचारलं, "अप्पा? काठ की गल्ली?"

अप्पांनी टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. मग माझ्यामागे उभ्या असलेल्या बेबीकडे. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती जिथे उभी राहायची, त्या कट्ट्याच्या दाराकडे पाहिलं. तिथे आता दुसराच कोणी बोट वर करून उभा होता.

"कड…" अप्पा म्हणाले.

आणि थांबले. शेवटचं अक्षर तोंडातच ठेवलं. मराठी होतं की कन्नड, ते कळायला मार्ग नव्हता. या घरात स्वतः बंदी घातलेल्या शब्दामागे ते जाऊन उभे राहिले होते. खिडकीतून वकीलसाहेबांनी तोंड उघडलं, अप्पांचा चेहरा पाहिला आणि मिटलं. मुलाच्या आईने कोणाला तरी विचारलं, "म्हणजे काय झालं?"

तेव्हा उंबऱ्याच्या आतून, भाकरीच्या पिठाने माखलेला एक हात अप्पांच्या कोपराखालून पुढे आला. एक बोट टेबलाच्या वरच्या किनारीवर टेकलं आणि तिथे पिठाचा पांढरा ठिपका उमटला. मागोमाग काकू स्वतः आल्या, पदर खोचलेला, कपाळ चुलीने लाल झालेलं, आणि पाहुण्यांदेखत, व्याह्यांदेखत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"काठ! लख्ख काठ! एकवीस-एकोणीस, मुलगी दिली!"